गालावरची तीट

कातडीच्या दवाखान्यात राजश्री तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी जेऊरहून आलेल्या सासू-सुना होत्या. त्यांच्या मधे सात-आठ वर्षांची पोरगी पेंगत होती, खांद्यावर पट्टी.

"डाक्टर काय म्हनला गं, शालन?"

"तीळ साधा वाटत न्हाय म्हनला, आत्या. तुकडा तपासायला धाडलाय."

"तिळाला काय हुतंय? तीळ असलेलं लेकरू लई नशीबवान असतंय की."

"उन्हानं तीळ वाढत्यात म्हनला. पोरीला उन्हात ठेवत हुता का, इचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? खुरपायला गेल्यावर बांधावर निजवत हुते. उकडतंय म्हनून झबलंबी काढायची. दर उन्हाळ्याला नवा तीळ यायचा."

"आन् मी म्हनायची, देवानंच तीट लावलीया, तू नगं लावूस."

"मीबी हसायची की तवा."

"परवा आंघुळ घालताना मी लई रगडला त्यो. रगत आलं, पर डाग न्हाय गेला."

"गप बसा, आत्या. ती जागी हाय."

राजश्रीनं ओढणीचं टोक जिभेनं ओलं केलं आणि लेकीच्या गालावरची तीट पुसली. तीट गेली. तरी ती पुसतच राहिली.