टफ दिवस कुणाचे

(डिलाईल रोडच्या चाळीतली खोली. रुपाली लसूण सोलते आहे. मुलगी वैदेही उद्याच्या इंटरव्ह्यूची तयारी करते आहे.)

वैदेही: ...आणि मग म्हणणार, माय आंट हॅड अ व्हेरी टफ चाइल्डहुड.

रुपाली: टफ म्हणजे काय गो?

वैदेही: कठीण. खडतर. पेपर टफ होता म्हणतो ना आपण? तसंच टफ दिवस, टफ लाइफ.

रुपाली: आणि ते दर्शनाचं होतं?

वैदेही: मग? आजोबांची गिरणी बंद, आजी घरातून डबे द्यायची, आणि मावशी पहाटे उठून एका बल्बखाली अभ्यास करायची. तिनेच सांगितलंय मला.

रुपाली: बल्ब कशाला लावलेला, ते सांगितलंन?

वैदेही: कशाला?

रुपाली: डब्यांच्या चपात्या लाटायला. मी लाटायचे. ती माझ्या उजेडात येऊन बसायची. वर मलाच म्हणायची, ताई, लाटण्याचा आवाज करू नको.

वैदेही: आई, तू जळतेस मावशीवर.

रुपाली: जळते. आजची नाही, तेव्हापासूनची. डबे वाढले, आईला हाताखाली कुणीतरी हवं होतं. मी थोरली, म्हणून माझी शाळा बंद. आणि ही आता प्रभादेवीला एसीत बसून टफ टफ करते.

वैदेही: तिने पण कष्ट केलेच ना?

रुपाली: केले की. हुशार होतीच ती, नाही कोण म्हणतंय? पण तुला उद्या सांगायला तीच सापडली? शाळा तिला दिली. आता पोरगी पण देऊ?

वैदेही: काहीही काय बोलतेस... मावशी सांगते गं सगळं. तू कधी काही सांगतच नाहीस.

रुपाली: सांगायचं काय त्यात? उठायचं, लाटायचं, डबे भरायचे. त्याला आम्ही टफ नव्हतो म्हणत. काहीच नव्हतो म्हणत.

वैदेही: बरं, आता सांग. इंटरव्ह्यूत विचारतात तसंच विचारते. तुझा सगळ्यात टफ दिवस कुठला? शाळा सुटली तो?

रुपाली: छे. त्या दिवशी उलट बरं वाटलेलं, गणिताच्या बाईंच्या तावडीतून सुटले म्हणून.

वैदेही: मग कुठला?

रुपाली: दर्शनाचा दहावीचा निकाल लागला तो. अख्ख्या चाळीत पेढे मी वाटले.