मंगळवारची वेगळी चूल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कार्यालयाचे वरिष्ठ माननीय कोबिना आर्काह साहेब, व्यासपीठावरील मच्छीमारांचे प्रमुख नाना एसेल, सत्कारमूर्ती एफुआताई क्वान्सा आणि जाळी तशीच टाकून आलेल्या सेकोंडीकर बंधू-भगिनींनो,

एफुआताई घानाच्या उत्तरेला, तमालेच्या नव्या कार्यालयाच्या प्रमुख म्हणून निघाल्या आहेत. तिथे समुद्रच नाही. मग तिथल्यांना ताईंची खरी किंमत कशी कळावी?

मंगळवारी समुद्रात होडी घालायची नाही, हा आपला वाडवडिलांचा नेम. वादळाचे इशारे फोनवर पाठवणाऱ्या आम्हा मंडळींनी त्यात आपली सोय पाहिली. नवे प्रयोग मंगळवारी करायचे, तेही थेट चालू प्रणालीत! होड्या किनाऱ्यावर, मग बिघडलं तर कोणाचं काय जातं? पण होड्या निघायच्या आत ते निस्तरताना आमच्या नाकी नऊ यायचे.

ताई म्हणाल्या, प्रत्येकाने प्रणालीची आपली शाखा, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढावी, मोडतोड तिथे करावी आणि दुसऱ्याने तपासून पसंत केलं तरच ते मूळ प्रणालीत मिसळावं. अध्यक्षसाहेब, राग मानू नका, पण आपण तेव्हा काय म्हणालात? "एका घरात वेगळ्या चुली? ही तर भाऊबंदकी झाली."

ताई म्हणाल्या, "साहेब, पाहुण्यांच्या रश्शात कोणी नवी मिरची घालून बघतं का? आधी वाटीभर बाजूला काढतात."

साहेबांनी एका मंगळवारची परवानगी दिली.

त्या दिवशी आमच्या फिफीच्या प्रयोगात एकच संदेश पुन्हापुन्हा जात राहिला आणि सगळं ठप्प झालं. पण ते त्याच्या शाखेपुरतंच. ताईंच्या शाखेत मात्र त्यांच्याच आवाजात, आपल्या फांते भाषेत बोलणारा इशारा तयार झाला होता. फिफीनेच तो तपासला आणि संध्याकाळी मूळ प्रणालीत मिसळला.

बुधवारी पहाटे वारा फिरला. माझे वडील समुद्रात होते, आणि त्यांना वाचता येत नाही. फिफीचा गोंधळ मूळ प्रणालीत झाला असता तर? तो विचार मी आजही पुरा करू शकत नाही. फोन वाजले, ताईंचा आवाज बोलला, आणि सेकोंडीची एकूण एक होडी परत आली!

वडील कुरकुरतच उतरले. "आराबा, तुझ्या आईच्या हाकेला मी जन्मात कधी मागे फिरलो नाही. ही कोण पोरगी, जिने मला होडी वळवायला लावली?"

आता शाखा न काढता कोणी मूळ प्रणालीला हात लावला, तर सर्वांत आधी अध्यक्षसाहेबच कान पिळतात.

ताई, तुम्ही निघालात म्हणून इशाऱ्यात नवा आवाज भरायचं ठरत होतं. नाना एसेलांनी साफ नकार दिला. म्हणाले, "आमची माणसं त्याच आवाजाला घरी येतात." तेव्हा तुम्ही खुशाल जा. आवाज इथेच राहील.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. मोठ्यांची थट्टा करताना जीभ घसरली असेल, तर तेवढं पदरात घ्या.