मोहाखाली निजलेला मानूस

—आभाळ तं सकाळपासूनच हाय, पन पडन काई नाई. हे चैतातलं आभाळ असंच रायते माय. वारा बंद, घाम तेवढा निथळते, आन् मोहाचं फूल झाडालेच धरून बसते, ऊन नाई पडलं तं टपकत नाई. म्हनून तं मी घरी सापडलो तुले, नाई तं जंगलात — नाई, खोटं काऊन बोलू, मी आता जात नाई जंगलात. आठ वरसं झाले. बस ना, खाटेवर बस. नागपूरवरून चामोर्शी, चामोर्शीवरून त्या कोंबलेल्या गाडीत इथपर्यंत, आन् कायच्यासाठी? एका खेळासाठी. मयुरी म्हनलीस ना नाव? नातीनं फोनवर सांगतलं होतं — दिव्यानीनं — माही मैतरीन येईन आजोबा, तिले एक गोष्ट सांगजा. कोनती गोष्ट? तं म्हने, ते तिलेच पुसजा. आन् तू आली, पानीबी नाई पेली, आन् पुसते का झाडाखाली निजलेला मानूस उठला तं काय बोलंन. कोनता मानूस? कायचं झाड?

दाखव तो कॉम्पुटर पुन्हा. थांब, चस्मा. हं. म्हनजे ही पोरगी झोपते, आन् तिच्या सपनात आपन चालाचं — असंच ना? मारामारी नाई, जिंकाचं नाई. दारं उघडाचे, एका सपनातून दुसऱ्यात. तू मघानी म्हनलीस का पयला खेळ दूर देसातल्या कोन्या मानसानं केला आन् तो चूप झाला. मंग ज्याइले आवडला त्याइनं आपापले सपनं जोडून नवे खेळ बनवले. हे मले समजलं. आमच्या दंडारीत असंच रायते, सोंग घेनारा मेला तं सोंग मरत नाई, दुसरा कोनी घेते. तुमचा हा तीसेक जनाइचा. कोनाचं पान्यातलं सपन, कोनाचे निरे जिनेच जिने, कोनाचं दात असलेलं घर — ते दातवालं नको दाखवू, आताच जेवलो मी. आन् हे जंगल दिव्यानीचं.

बराबर काढलं पोरीनं. मोहाखालची जमीन जाळून साफ केली हाय पाय, काळी. शहरातल्या मानसाले हे नाई सुचत. काळ्यावर पिवळे फुलं. टोपलं. आन् ही बाई, पाठमोरी, वाकून येचून राह्यली. आपन जवळ जातो तं ती तेवढीच दूर. तू म्हनते लोकं इथीच जास्त भेतात, काईच होत नाई तरी. मंग वाघ कुठी हाय? नाई काढला? — नाई काढला. हुशार हाय पोरगी. वाघ दिसला का भेव सरते, मंग निरं पळनं रायते.

ही बुधरी होय. माही बायको. तुले सांगतलं असन दिव्यानीनं, तिच्या आजीले वाघानं नेलं म्हनून. आठ वरसाआंदी, ह्याच महिन्यात.

तुले ठाव नसन. मोह येचाले बाई वाकते, आन् वाकलेलं मानूस वाघाले जनावरावानी दिसते. म्हनून आमच्यात काम ठरलं रायते — बाया येचतात, आन् दर झाडाखाली एक जन काठी घेऊन उभा रायते, हाक देते. बाजूच्या झाडावाला उत्तर देते. अशी हाक झाडोझाडी फिरत रायते, वाघाले समजते का इथी मानसं हायेत. बुढ्याइचं काम होय ते. दात नाई, कंबर नाई, गळा तेवढा हाय. आमच्या झाडाचा मी. बाजूच्या झाडाचा जंगू — तो पाय, कुंपनापलीकडे झाडू बांधून राह्यला, तोच. त्या दिवशी मी नाल्यावर गेलो होतो, पानी आनाले. सगळ्याइले म्या हेच सांगतलं. फारेस्टवाल्यालेबी, पोरालेबी. नाल्यावर होतो. नाला काई दूर नाई, पन...

हव, हव, आयकलं. बयरा नाई मी. ह्याच झाडाखाली निजलेला मानूस, ज्याचं बोलनं दिव्यानीनं मोकळंच ठेवलं. जवळ कर बरं. आजून.

गमछा. लाल काठाचा, चौघडी करून मुळीवर ठेवलेला, त्याच्यावर डोकं. बाजूले तमाकूची चंची, उघडीच. — हे दिव्यानीले कोनं सांगतलं?

कोनी नाई सांगतलं. तवा चौदा वरसाची होती. माय-बाप गडचांदूरले सिमेंटच्या कामावर, ती आमच्याच जवळ रायची. लोकाइच्या मांगंमांगं झाडापर्यंत आली होती. सगळे जंगलाकडं पाहून राह्यले होते, ती मुळीकडं पाहून राह्यली असन. सांजेले पाह्यलं तं गमछा धुऊन दोरीवर, चंची माह्या खाटेखाली. एक सबद नाई बोलली. तीन वरसं झाले, गावाले आली नाई. फोनवर पुसते, जेवला काय आजोबा? जेवलो. ठेवते.

नाल्यावर नव्हतो मी. हाका देऊन देऊन गळा सुकला होता, म्हनलं जरासा टेकतो. तं बुधरीच म्हने, निज ना जरासा, मी हाय ना. ती हाय म्हनून मी निजलो! पाय ना माय — तिच्यासाठी मले उभं केलं, आन् ती हाय म्हनून मी निजलो. उठलो तं तोंडावर ऊन. टोपलं हाय, बुधरी नाई.

तिले जंगलातून आनलं, त्या सांजेले जंगू येऊन बसला, एकच बोलला. ‘मंगरूभाऊ, आज तुमची हाक आयकू नाई आली गा.’ म्या म्हनलं, गळा बसला होता. त्यानं मान हलवली. मंग हाक नाई आली तं तू पाहाले काऊन नाई आला — हे म्या त्याले पुसलं नाई. तोबी मले पुन्हा पुसत नाई. आठ वरसं झाले, कुंपनाच्या ह्या बाजूले मी, त्या बाजूले तो. तमाकू मांगते, देतो.

काय म्हनलीस? लोकं लिहून पाठवतात — कोनी म्हनते तो मानूस माफी मागंन, कोनी म्हनते रडंन? नाई, नाई. माफी आयकाले कोन हाय तथी? त्यानं उठावं, उभं रावं, आन् हाक द्यावी. बस. आन् ही बाई — तोंड नको दाखवा तिचं, पन तिनं कंबर सरळ करावी. हाक आयकली का सरळ उभी रायली पायजे. वाकलेली नको ठेवा माय. वाकलेली नको.

आवाज भरता येते काय यात? मंग धर. थांब, उभा होतो. हाक बसून नाई देत.

होऽऽऽय!

...झालं. बंद कर आता ते. दोनची गाडी हाय, निघ तू, आभाळबी उतरून राह्यलं. दिव्यानीले म्हनजो, आजोबा नाल्यावर नव्हता. येवढंच म्हनजो, बाकी तिले मालूम हाय. — थांब. आयकलं काय तू? झाडू खाली ठेवला त्यानं. जंगूच बोलला ना कुंपनापलीकडून —

‘आज आयकू आली गा, मंगरूभाऊ.’