हेन म्हणजे कोंबडी

तुम्ही हसान, पण त्या मास्तराचा मले आजही राग येते. साठ-एकसष्टची गोष्ट, मी केळापूरच्या शाळेत पाचवीत होती. मास्तरानं फळ्यावर इंग्रजीत लिहिलं: पेन, टेन, हेन. म्हणे, "अर्थ पाठ नाही करायचा, डोळ्यानं पाहायचा."

पेन त्यानं खिशातला दाखवला अन् परत खिशात खोसला. टेन म्हणजे दहा, तर बोटं दाखवली. हेन म्हणजे कोंबडी, तर ती मलेच घरून आणाले लावली. शाळा सुटली तर म्हणे, "राहू दे, उद्या नेजो."

दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात आमच्या कोंबडीची पिसं! रोज अंडं देणारी कोंबडी खाल्ली ना मेल्यानं!

मी रडत घरी गेली. माय तशीच उठली अन् तडक वर्गात घुसली. तिले एक अक्षर येत नव्हतं. "मास्तर, पेन म्हणजे काय? मलेही दाखवा."

मास्तरानं ऐटीत पेन काढून तिच्या हातात देला. मायनं तो पदराच्या गाठीत बांधला.

"अवं बाई, माहा पेन!"

"राहू द्या," माय म्हणे, "उद्या नेजा."