साखळीतला जमीनमालक

(सदाशिव पेठेतला फ्लॅट. रविवार सकाळ. सून ओट्याशी, सासरे दाराशी बूट घालताहेत, नात आतल्या खोलीत.)

श्रीधर : बघू तरी तो पेपर. माझाच फोटो मला दाखवायला काय घाबरतेस?

अपूर्वा : घाबरत नाही, बाबा. तुम्ही मोठ्याने वाचता, आणि सृष्टी आतच आहे. घ्या.

श्रीधर : 'टेकडी वाचवण्यासाठी मानवी साखळीत उभे राहिलेले ज्येष्ठ निसर्गप्रेमी.' वा! टोपी बरी आलीये.

अपूर्वा : पण तुम्ही तिथे उभे राहिलातच का?

श्रीधर : उभा कुठला राहतोय! बहाव्याला पाणी घालत होतो. एक बाई आल्या, म्हणाल्या, काका, हात द्या. मला वाटलं, उतरायला आधार हवाय. दिला.

अपूर्वा : आणि?

श्रीधर : दुसरा हात एका गृहस्थांनी धरला. घोषणा सुरू झाल्या तेव्हा कळलं, माझी झाडं माझ्यापासूनच वाचवणं चाललंय.

अपूर्वा : सांगायचं ना, जमीन माझी आहे, झाडं मीच लावलीत म्हणून.

श्रीधर : मालक म्हटलं की पुढचं कोण ऐकतंय?

अपूर्वा : काल सृष्टीला सर्दी होती म्हणून घरी राहिली. नाहीतर फोटोत तीही असती. आधीच चौकातल्या फ्लेक्सवर तुम्ही आहात. हीच टोपी. 'टेकडीवरच्या हरित आरक्षणाने नाडलेले भूमिपुत्र.'

श्रीधर : भूमिपुत्र! जन्म गेला बँकेच्या काउंटरमागे. नांगर पाहिला तो प्रदर्शनात.

अपूर्वा : त्यांना फोटो कुणी दिला?

श्रीधर : मीच. पक्षाचा तो अवधूत आला होता. म्हणाला, सुनावणीत तुमचं म्हणणं मांडतो. म्हटलं, मांड. जमीन नावावर राहू दे, बांधायचं मला काही नाही, झाडं आहेत तशी राहू देत. तर म्हणे, काका, एवढं फ्लेक्सवर मावत नाही.

अपूर्वा : पेपर बघून त्याचा सलिलला फोन आला मघाशी. 'वडिलांनी पलटी मारली का?' वर सल्ला, मोजणीआधी झाडं काढून टाका. झाडं दिसली की जंगल म्हणतील, मग जमीन विसरा.

श्रीधर : म्हणजे लावली हीच चूक.

अपूर्वा : फ्लेक्स सगळ्यांनी वाचलाय, बाबा. परवा शाळेत तनयाने सृष्टीला विचारलं, तुझे आजोबा झाडं तोडणार का गं?

श्रीधर : मग? काय म्हणाली आमची बाई?

अपूर्वा : माहीत नाही म्हणाली.

श्रीधर : माहीत नाही?

अपूर्वा : मीच शिकवलंय. टेकडीबद्दल कुणी काही विचारलं तर माहीत नाही म्हणायचं.

श्रीधर : अगं, बहावा तिच्या बारशाला लावलाय. दर सुट्टीला स्वतःची बाटली ओतते त्याच्या बुंध्याशी.

अपूर्वा : मला ठाऊक आहे.

श्रीधर : हं.

अपूर्वा : चहा देऊ अजून?

श्रीधर : नको. सुनावणीला दोन रांगा आहेत म्हणे. आरक्षण हवं असणाऱ्यांची एक, नको असणाऱ्यांची दुसरी. मी कुठे उभं राहायचं?

अपूर्वा : जाऊच नका.

श्रीधर : आणि टेकडीवर? एप्रिल आहे. पाणी कोण घालणार, साखळी?

अपूर्वा : कॅन भरून ठेवलेत. दारामागे. ती टोपी तेवढी काढून ठेवा. सलिलची ऑफिसातली घाला.

श्रीधर : स्वतःच्या जमिनीवर वेष बदलून जायचं?

अपूर्वा : हो.

श्रीधर : दे. सृष्टी बाटली भरून बसली असेल.

अपूर्वा : बसलीये. आज तिला नेऊ नका, बाबा.

श्रीधर : विचारेल ती. आजोबा कुठे गेले म्हणून.

अपूर्वा : काय सांगू?

श्रीधर : माहीत नाही म्हण.