बावीस जोड्यांची गोम

— त्या खुर्चीवर नको मॅडम, तिचा एक पाय लंगडा आहे, ह्या स्टुलावर बसा. सर येतीलच. आरशासमोर टाय सरळ करताहेत, अजून पाच मिनिटं तरी सरळ व्हायचा नाही तो. तुम्ही एवढ्या लांबून त्यांची गोम बघायला आलात ना? पुढून तांबडी, मागून निळी, जगात कुणी न पाहिलेली, आणि नाव सरांचं! तुम्ही खरी म्हणालात की सर प्राचार्य होणार. ती काय, कोपऱ्यातल्या बरणीत. थांबा, घाई नको, ती काही पळत नाही — इथलं कुणीच पळत नाही.

मी कोण? मी ह्या खोलीचा शिपाई. चौतीस वर्षं बरण्या पुसतोय, शाळा सातवीत सुटली, पण बरण्या शिकवतात हो. ही जेलीफिश बघा — हिला डावं-उजवं काही नाही, केकसारखी कुठूनही मधोमध कापा, दोन्हीकडे सारखीच. गांडूळ म्हणजे नुसत्या कड्या, एकीला एक लावलेल्या. तारामासा पाचाचा. ज्याचा त्याचा नकाशा ठरलेला, आणि तो कळायचा तर मोजावं लागतं. सर मोजतात का? छे! सर लेबल वाचतात.

माझी थोरली इथेच शिकत होती. हसताय? हसा, सगळेच हसायचे — शिपायाची पोर आणि प्राणिशास्त्र! प्रात्यक्षिक परीक्षेला सरांनी दहा बरण्या मांडल्या, ओळखा म्हणाले. सात नंबरच्या बरणीत एक जाड, लांबट, पांढरं पडलेलं काहीतरी. सगळ्या वर्गाने लिहिलं, किडा. हिने बरणी उजेडात धरली, अंगावरच्या बारीक पायांच्या रांगा मोजल्या — पाच! हिने लिहिलं, समुद्रकाकडी, तारामाशाची चुलत बहीण. सरांनी बुडाचं लेबल वाचलं, किडा, आणि भोपळा दिला. ही म्हणाली, "सर, एकदा मोजून तर बघा." तर भर वर्गात म्हणाले, "बापासारखी बरण्या पूस, तेवढं जमेल तुला." मी दारातच उभा होतो, हातात फडकं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आता कपड्याच्या कारखान्यात बटणं लावते, एका शर्टाला आठ. तिचा आकडा कधी चुकत नाही.

मग मीही ठरवलं — ह्या माणसाला मोजायला नाही लावलं तर बापाचं नाव लावणार नाही! दोन गोमा धरल्या, एक तांबडी, एक निळी. बारीक पातं, डिंक, केसाएवढा धागा, अकरा रविवार गेले. आणि बरणी सरांच्या टेबलावर ठेवली — "लाकडाखाली सापडली, सर." सरांनी छापून आणलं, आपणच शोधली म्हणून. माझं नाव कुठेच नाही, उपकारच झाले म्हणायचे! अहो, गोमेच्या पायांच्या जोड्या एकवीस असतील, तेवीस असतील, सम कधी नसतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. मी मुद्दाम बावीस ठेवल्यात. मोजणाऱ्याला दिसावं म्हणून. चार वर्षं झाली, सरांनी मोजल्या नाहीत.

काय? सात नंबरचं लेबल? चुकीचंच होतं ना. कुणी म्हणजे — असंच, पोरांची जरा गंमत करावी म्हणून दोन लेबलं इकडची तिकडे, परीक्षेच्या आधी नेहमीच करायचो, सगळे चुकतात, मग मजा — सरांनी नेमकी तीच बरणी उचलली, त्याला मी काय —

माझ्या जिभेला हाड नाही बघा. सोडा ते.

दारात उभा होतो म्हटलं ना. एक शब्द बोललो असतो तर — नोकरी होती, मॅडम. धाकटी दोन घरात होती. नाही, तिला नाही सांगितलं. तिला वाटतं सरच तेवढे मूर्ख.

बूट वाजले. आले. हे घ्या भिंग, उजेडाकडे तोंड करून बसा. ते बोलत राहतील, बोलू द्या, तुम्ही डोक्याकडून सुरुवात करा आणि मोठ्याने मोजा, बाहेर ऐकू जाईल असं. एकवीसवर थांबू नका.

आणि माझ्याकडे असं बघू नका. गोमेकडे बघा.