तिसरा गिअर आणि डावा गुडघा

मेहुणा : दाजी, जीपखाली शिरायच्या आधी शेवटचं विचारतो. हिला काय काय होतं?

नवरा : काही होत नाही. ऑइल बदल, चहा पी आणि जा.

बायको : काही होत नाही म्हणे! सोमवारी मी नेणार आहे ती, नर्सबाईंना आणि लसींची पेटी घेऊन, वरच्या वस्तीवर.

नवरा : तू नेणार हे ठरवलं कोणी?

बायको : डोळ्यांच्या डॉक्टरांनी. उजव्या बाजूचा अख्खा ट्रक दिसला नाही तुम्हाला.

नवरा : दिसला होता. जरा उशिरा दिसला.

मेहुणा : दाजी, त्यालाच अपघात म्हणतात.

नवरा : हा तुझा भाऊ गॅरेज चालवतो की वकिली करतो? हे बघ, तू चालवतेस ती सपाटीवर. वस्तीच्या वाटेवर नुसते धोंडे आहेत, आणि जीप म्हातारी झालीय. तिला माझ्याच हाताची सवय. त्यापेक्षा विकून टाकू.

बायको : आणि वस्तीवरच्या बाळांचं काय? दुसरी कुठली गाडी चढते तिथं?

मेहुणा : ताई, यांच्या तोंडून काही निघायचं नाही. आणि सगळं उघडून शोधत बसलो, तर तुझा सोमवार गेला म्हणून समज.

बायको : मग माझ्याकडून ऐक. उतारावर ब्रेक एका दमात लागत नाही. हे आधी हलकेच दाबतात, मग जोरात. तिसरा गिअर टाकला की डावा गुडघा दांड्याला टेकवून बसतात, नाहीतर तो सुटतो. घरी आले की मला गुडघ्याला तेल चोळायला लावतात आणि म्हणतात, म्हातारपण आलं. म्हातारपण कसलं डोंबलाचं, गिअर!

नवरा : तुला काय ठाऊक? तू तर शेजारी पेंगत असायचीस.

बायको : पेंगत? डोळे तुमच्या पायांवर असायचे माझे! आणि ओढा ओलांडला की मोठमोठ्यानं गायला लागता, ते कशाला?

नवरा : आनंदानं.

बायको : पुढचं चाक घरघरतं, ते नर्सबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

मेहुणा : अरे बापरे! पाणी शिरून बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन गेलंय. दाजी, गाता गाता चाक निखळलं असतं.

नवरा : निखळलं का?

मेहुणा : निखळल्यावर मला नाही, क्रेनला बोलवावं लागलं असतं! गाडीला हात लावायचा तो ती बंद पडायच्या आधी. तुम्ही मात्र, गाडीचं एकेक बिघडत गेलं तसे स्वतःच वाकत गेलात. तिला कधी सरळ केलंच नाहीत.

नवरा : चालत होती ना?

मेहुणा : तुमच्या पायाखाली. ताईच्या पायाखाली तो ब्रेक लागला नाही, तर?

बायको : मग? करायची ना ती नीट?

नवरा : सगळं नीट केलंत, की कोणीही चालवेल ती.

बायको : तेच तर हवंय.

नवरा : तुला हवंय. मी काय करू मग? पायरीवर बसून तुला टाटा करू? मला दुसरं काय येतं गं?

बायको : असं आहे होय! मग तसं म्हणायचं. इतके दिवस नुसते फुरंगटून बसलात.

नवरा : लाज वाटली.

बायको : माझ्यापाशी? अहो, एकटीनं जायची मला भीती वाटते. तुम्ही शेजारी हवेच आहात. पण तुम्हाला घेऊन दरीत नाही जायचं मला.

मेहुणा : दाजी, जरा इकडे या. हा रेडिएटरचा पाइप मला तरी ठीक वाटतोय. हात लावून बघा.

नवरा : ठीक कसला? इथं क्लिपपाशी मऊ पडलाय. चढणीला फाटणार हा.

मेहुणा : मीही तेच म्हणणार होतो.

नवरा : थापा मारू नकोस.

मेहुणा : बरं, चुकलो. बदलतो. पण आता प्रत्येक फेरीच्या आधी हा हात सगळीकडे फिरला पाहिजे. पाइप, नट, चाकं. कुठं झिरपतंय, कुठं सैल झालंय, ते तुम्ही बघायचं. माझी बहीण तुमच्या भरवशावर वर जाणार आहे.

नवरा : मग मागचं डावं चाक आधी काढ. तिथून ब्रेकचं ऑइल गळतं. मी रोज पुसून टाकायचो.

बायको : पुसून टाकायचो!

नवरा : तू ओरडशील म्हणून.

मेहुणा : ताई, नंतर ओरड. आधी जॅक दे.

(रविवार सकाळ. उद्याच्या फेरीआधी चाचणीसाठी दुरुस्त झालेली जीप वस्तीच्या चढणीवर. बायको चालवते आहे, नवरा शेजारी.)

नवरा : धोंड्याला वळसा घालू नकोस. चाक सरळ त्याच्यावर घे. हां, सावकाश. सोडू नकोस.

बायको : चढली! अहो, चढली!

नवरा : न चढायला काय झालं? पुढे बघ, कडा आहे.

बायको : बघतेय. तुम्ही असे बाहेर का वाकलात? काही वाजतंय का?

नवरा : काही वाजत नाही. खाली ही एवढी मोठी नदी आहे?

बायको : म्हणजे काय! कधी बघितली नाहीत?

नवरा : या कड्यावर नजर हलवायची सोय होती का मला?

बायको : मी बघायचे. तुमच्या पायांवरची नजर निघाली की बघायचे. आता मला नाही बघता यायची.

नवरा : तू समोर बघ. नदीचं मी सांगतो.